जुना कॅमेरा जरूर घ्यावा, पण काच पाहून

गोव्यातील साखळी येथील एका प्राथमिक शिक्षिकेचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातील मुद्द्यापुरता भाग देतो.

‘माझे काका कित्येक वर्षे दशावतारात काम करतात. आता गुडघे साथ देत नाहीत आणि हा हंगाम बहुधा शेवटचा, असे ते म्हणू लागले आहेत. त्यांची भूमिका, रंगपटातील तयारी आणि जमल्यास आमच्या घरची चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची सजावट) यांची चांगली छायाचित्रे काढून ठेवावीत, अशी माझी इच्छा आहे. माझ्याकडे तीस हजार रुपये आहेत. म्हापशातील एक गृहस्थ लग्नसमारंभात वापरलेला आपला निकॉन डी ५६०० हा कॅमेरा १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्ससह २७,००० रुपयांना देत आहेत. शिवाय ५० मिलिमीटरची एफ १.८ डी ही लेन्स ४,००० रुपयांना देऊ म्हणतात. दुकानदार नवा कॅमेरा हप्त्यांनी घ्या असे सांगतो आणि भाचा म्हणतो की फोन पुरेसा आहे. काय करावे?’

आदरणीय बाई,

दशावताराचा हंगाम तुळशीच्या लग्नाच्या सुमारास उभा राहतो, तोवर आपल्या हातात पुरेसा वेळ आहे. तेव्हा ‘दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे आहे’ असे कोणी म्हटले, तरी घाईने पैसे देऊ नयेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. डी ५६०० हा कॅमेरा आपल्या कामाला उत्तम आहे आणि पुढे सांगितलेल्या तपासण्यांतून तो पार पडला तर अवश्य घ्यावा. मात्र ७०-३०० आणि ५० मिलिमीटरची ती लेन्स, या दोन्ही वस्तू नाकाराव्यात, बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा, आणि १८-५५ एवढ्याचाच भाव करावा, आणि वाचलेल्या पैशांतून निकॉनचीच ३५ मिलिमीटरची एफ १.८ जी ही डीएक्स (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) लेन्स वापरलेली मिळवावी. बॉडी आणि छोटी लेन्स १९ ते २० हजारांत, ३५ मिलिमीटरची लेन्स आठ हजारांच्या आसपास, आणि उरलेले दोन हजार एक जादा बॅटरी, चांगले मेमरी कार्ड आणि हवाबंद डबा यांसाठी, अशी तीस हजारांची विभागणी मी सुचवीन.

हे असे का, ते समजण्यासाठी दशावताराचा रंगमंच डोळ्यांपुढे आणावा लागेल. देवळाच्या पटांगणातला मंडप, मागे एक पडदा, सिंहासन म्हणून एक बाकडे, बाजूला पायपेटी आणि पखवाज, आणि वर दोन-चार दिवे, ज्यांतला एखादा नेमका प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येतो. आपल्या डोळ्यांना हा उजेड पुरतो. कॅमेऱ्याला तो फार कमी असतो. १८-५५ ही कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ३५ मिलिमीटरच्या आसपास ठेवली, तर तिचे भोक जास्तीत जास्त एफ ५ च्या जवळपास उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके भोक मोठे). ३५ मिलिमीटरची एफ १.८ ही लेन्स त्याच जागेवरून सात पटींहून अधिक प्रकाश आत घेते. याचा अर्थ असा, की जिथे किट लेन्सवर शटर एक पंधरांश सेकंद उघडे ठेवावे लागते, तिथे या लेन्सवर ते एक शतांश सेकंदाच्याही खाली आणता येते. एक पंधरांश सेकंदात तलवार उगारणाऱ्या हाताचा नुसता पांढरा फराटा उमटतो. एक शतांश सेकंदात मनगटावरचे कडेसुद्धा मोजता येते. किट लेन्सवर ‘व्हीआर’ म्हणजे कंपनरोधक व्यवस्था असते, हे विक्रेता आवर्जून सांगेल आणि ते खरेही आहे. पण ती व्यवस्था फक्त आपल्या हाताची थरथर सावरते. समोरचा नट हलला, तर तिचा काहीही उपयोग नाही.

हेच उत्तर दुकानदाराच्या सल्ल्यालाही लागू पडते. हप्त्यांवर मिळणारा सर्वांत स्वस्त नवा डीएसएलआर अशाच किट लेन्ससह येतो. त्याला हमी असेल, खोका कोरा असेल, पण रात्री दोन वाजता मंडपात तो तितकाच आंधळा ठरेल आणि चांगल्या लेन्ससाठी आपल्याजवळ पैसे उरलेले नसतील. २०१८ नंतर निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी आपले लक्ष हळूहळू मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांकडे वळवले, त्यामुळे चांगल्या अवस्थेतले डीएसएलआर आज अर्ध्या किमतीत हाताशी येतात. तोच लाभ आपण घ्यावा. भाच्याचे म्हणणे मात्र अर्धे बरोबर आहे आणि ते मान्य केले पाहिजे. माटोळी जागची हलत नाही. दिवसा खिडक्या उघडून फोन स्थिर धरला, तर नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तवशी, कांगलां, सारे छान येते. फोन अंधारात एकामागून एक अनेक चित्रे टिपून ती एकमेकांत मिसळतो. वस्तू स्थिर असेल तर ही युक्ती साधते आणि नाटकातला संकासुर नावाचा असुर नाचू लागला की फसते. फोनवर रात्री नाटकाचे पुसट फोटो मिळतात त्याचे कारण बहुधा हेच असते.

आता त्या ४,००० रुपयांच्या लेन्सविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या एका गोष्टीत नवखे ग्राहक सर्वाधिक फसतात, आणि विकणाराही पुष्कळदा अजाणतेपणीच फसवतो. ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही लेन्स वाईट नाही. काच सुंदर आहे. परंतु तिच्यात फोकस फिरवणारी मोटर नाही. ती मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते, आणि निकॉनच्या डी ३००० किंवा डी ५००० या मालिकांतल्या कोणत्याही कॅमेऱ्यात ती नसते. म्हणजे आपल्या डी ५६०० वर ही लेन्स बसेल, उजेडाचे मापही बरोबर घेईल, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने कडे फिरवून करावा लागेल. अंधारात, डोळा लावायच्या छोट्या खिडकीतून (व्ह्यूफाइंडरमधून), हलणाऱ्या नटावर, एफ १.८ वर, हे काम अनुभवी माणसालाही जड जाते. लेन्सच्या कड्यावर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ अशी इंग्रजी अक्षरे असतील तर ती या कॅमेऱ्यावर आपणहून फोकस करते. नुसते ‘एएफ’ असेल तर करत नाही. ७०-३०० या नावाच्याही निकॉनने अनेक लेन्स काढल्या आहेत, त्यांतली एक जुनी आणि स्वस्त लेन्स याच मोटरविना असलेल्या जातीची आहे, तर काहींमध्ये कंपनरोधक व्यवस्था नाही. अगदी चांगली ‘एएफ-पी व्हीआर’ निघाली तरी ती चोडणच्या सालिम अली अभयारण्यात सकाळी खंड्या टिपायला कामाची आहे. रात्रीच्या नाटकाला ती किट लेन्सहूनही अंधारी पडते.

५० ऐवजी ३५ मिलिमीटर का, असे आपण विचाराल. डी ५६०० चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान आहे, त्यामुळे ३५ ची लेन्स त्यावर साधारण ५२ मिलिमीटरसारखी दिसते आणि ५० ची लेन्स ७५ सारखी. पाच मीटरवरून कॅमेरा आडवा धरला, तर ३५ मिलिमीटरच्या चौकटीत उभा नट पायांतल्या चाळांपासून मुकुटापर्यंत जेमतेम मावतो. दशावतारात पहिल्या रांगेतले प्रेक्षक मंचाला जवळजवळ टेकूनच बसतात, आणि रंगपटाची जागा तर त्याहून अरुंद असते. तिथे ५० मिलिमीटर घेऊन मागे सरकायला जागा मिळत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या यादीत खालच्या ओळीत असते, पण आपल्या गोव्यात पहिल्या ओळीत असली पाहिजे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरत नाही. या हवेत लेन्सच्या काचांच्या आत बुरशी धरते. छायाचित्रकार तिला फंगस म्हणतात. मी उमेदवारीच्या काळात एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली होती. एका ओळखीच्या व्यावसायिकाने ती चामड्याच्या डबीत, लाकडी कपाटात, कपड्यांसोबत चार-पाच पावसाळे ‘जपून’ ठेवली होती. बाहेरून ती नव्यासारखी होती. पहिल्याच महिन्यात उजेडासमोरचे सगळे फोटो दुधाळ येऊ लागले, आणि दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून दाखवली तेव्हा मधल्या काचेवर कोळिष्टकासारखी एक नाजूक जाळी पसरलेली दिसली. त्याने ती पुसली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता. जाळीचा ठसा तसाच राहिला. तो व्यवहार रात्री, ट्यूबलाईटखाली झाला होता. तेव्हापासून मी कोणतीही जुनी लेन्स टॉर्चशिवाय पाहत नाही.

आपणही तसेच करावे. लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी काढावी, दोन्ही बाजूंची झाकणे काढावीत, आणि मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने किंचित तिरका आत सोडून पुढून पाहावे. मग उलट बाजूने तसेच पुन्हा पाहावे. निकॉनच्या ‘जी’ जातीच्या, म्हणजे भोक बदलण्याचे कडे नसलेल्या, लेन्सचे भोक ती कॅमेऱ्यावरून काढल्यावर मिटलेले असते. मागच्या धातूच्या कड्याजवळ एक बारीक पट्टी असते, ती नखाने हळूच सरकवली की पाकळ्या उघडतात आणि आतल्या काचा स्वच्छ दिसतात. धुळीचे चार-दोन कण दिसतील. ते प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात आणि त्यांनी काहीही बिघडत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही क्षम्य आहे. परंतु फांद्या फुटल्यासारखे तंतू, कडेने आत सरकणारे राखाडी डाग किंवा संपूर्ण काचेवर धुक्यासारखा थर दिसला, तर किंमत कितीही उतरवून दिली तरी ती लेन्स घेऊ नये. पाकळ्यांवर तेलाचा ओला चकाकणारा पट्टा दिसला तरीही नको. पट्टी सोडताच पाकळ्या झटकन मिटल्या पाहिजेत.

समुद्राचा दुसरा परिणाम खाऱ्या वाऱ्याचा. आपल्याकडचे विक्रीला आलेले पुष्कळ कॅमेरे किनाऱ्यावरच्या लग्नांत आणि पर्यटकांच्या फोटोसत्रांत राबलेले असतात. लेन्स बसते त्या गोल कड्याचे स्क्रू, वर फ्लॅश बसवण्याची खाच, बॅटरीच्या खणातल्या पितळी पट्ट्या आणि कार्डाच्या खाचेतल्या बारीक धातूच्या पट्ट्या, या चार जागा टॉर्चने पाहाव्यात. तांबूस गंज किंवा हिरवट-पांढरी भुकटी असेल, तर आतल्या सर्किटचेही काही खरे नसते. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील, तर कॅमेरा कोणीतरी उघडला आहे. का उघडला, ते विचारावे. पकडीचे रबर चिकट झाले असेल किंवा सुटून वर आले असेल, तर तो दोष लहान आहे, पण भाव करताना बोलून दाखवावा.

कॅमेरा किती चालला आहे, हेही कळू शकते. निकॉन प्रत्येक जेपीईजी फोटोत शटरच्या उघडझापीचा आकडा लिहून ठेवतो. आपले कार्ड घालून एक फोटो काढावा आणि ती मूळ फाईल संगणकावर उतरवून आकडा काढून देणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही, म्हणून विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये. डी ५६०० चे शटर एक लाख उघडझापींच्या कसोटीला उतरलेले असते. लग्नाचे काम करणारा माणूस एका मोसमातच हजारो फोटो काढतो, म्हणून आकडा पन्नास-साठ हजार निघाला तर दचकू नये. आपण वर्षाला दोन-तीन हजारांहून जास्त फोटो काढणार नाही. ऐंशी हजारांच्या पुढे असेल, तर मात्र भाव बराच खाली आला पाहिजे. स्वच्छ काच आणि चाललेले शटर, की कमी चाललेले शटर आणि बुरशीची काच, अशी निवड करावी लागली, तर मी पहिल्याच्या बाजूने उभा राहीन.

बाकीच्या चाचण्यांना दहा मिनिटे पुरतात. एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहिला की सेन्सरवरचे डाग दिसतात. दोन-तीन डाग साफ होतात, बुंदीसारखे पसरलेले असतील तर नको. लेन्सचे झाकण लावून काही सेकंदांचा एक फोटो काढला की मेलेले किंवा जळते रंगीत ठिपके कळतात. बाजूला उघडणारा कॅमेऱ्याचा पडदा (स्क्रीन) पूर्ण फिरवावा आणि फिरवताना चित्र लुकलुकते का ते पाहावे, कारण या मालिकेत सर्वाधिक हाताळला जाणारा भाग तोच आहे. टेबलावर पट्टी तिरकी ठेवून एका आकड्यावर फोकस करावा. पुढचा किंवा मागचाच आकडा स्पष्ट येत असेल, तर तो दोष गंभीर समजावा, कारण डी ५६०० मध्ये तो घरच्या घरी सुधारण्याची सोय नाही. ३५ मिलिमीटरची लेन्स आणाल तेव्हा हीच चाचणी एफ १.८ वर पुन्हा करावी. बॅटरी फुगलेली नसावी.

भेट म्हापशात ठरवताना शुक्रवार टाळावा, बाजाराच्या गर्दीत कोणालाच स्वस्थपणे बसता येत नाही. सकाळी, खिडकीजवळ, शक्यतो त्यांच्या घरी किंवा स्टुडिओत भेटावे आणि सोबत भाच्याला न्यावे. मूळ बिल असेल तर उत्तम. नसेल तर कॅमेऱ्यावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का पाहावे आणि तो क्रमांक, तारीख, रक्कम लिहिलेली सही केलेली पावती मागावी. पर्यटकांचे कॅमेरे चोरीला जाणे आपल्याकडे नवीन नाही, आणि खरा मालक पावती द्यायला कां-कूं करत नाही. वस्तू हातात येण्यापूर्वी आगाऊ रक्कम मात्र कोणालाही पाठवू नये. ३५ मिलिमीटरची लेन्स शोधताना मोबाईलवर ‘मी लष्करात आहे, बदली झाली, कुरियरने पाठवतो’ असे सांगणारे भेटतील. त्यांच्याशी बोलणेच वाढवू नये. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

म्हापशाचा कॅमेरा तपासणीत नापास झाला, तर खट्टू होऊ नये. निकॉनचाच २०१३ सालचा डी ५३०० हा त्याच २४ मेगापिक्सेलचा आहे, स्वस्त मिळतो आणि ३५ ची हीच लेन्स त्यावर चालते. कॅननचा २०० डी मिळाला तर त्यावर ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम घ्यावी; ती फोकस आपणहून करते, पण त्या कॅमेऱ्यावर ८० सारखी दिसते, तेव्हा ती चेहऱ्यांसाठी चांगली आणि पूर्ण प्रवेशासाठी अडचणीची. कॅननचा एम ५० कोणी सुचवला, तर त्या जातीच्या नव्या लेन्स आता निघत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

कॅमेरा घरी आला की तो कपाटात, लोकरीच्या किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. रबराची कड असलेला पारदर्शक हवाबंद डबा, त्यात अर्धा किलो सिलिका जेल आणि दीड-दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक, एवढे पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी पडले की ते मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत कोरडे करावेत; स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी वापरू नये. आणि पावसाळ्यात कॅमेरा महिनोन्‌महिने बंद न ठेवता दर आठवड्याला बाहेर काढून दहा-वीस फोटो काढावेत.

काकांच्या नाटकाला जाताना शटर एक शतांश सेकंदावर, भोक एफ २ वर आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) १६०० ते ३२०० च्या दरम्यान ठेवून सुरुवात करावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. एक शतांश सेकंद ठेवला की चित्रात काळे आडवे पट्टे बहुधा येत नाहीत. संकासुराचा काळा वेष पाहून कॅमेरा उजेड कमी आहे असे समजतो आणि चित्र गरजेपेक्षा उजळ करून टाकतो, म्हणून तेव्हा एक्स्पोजर एक पायरी खाली घ्यावे आणि मधला फोकस बिंदू वेषावर न ठेवता चेहऱ्याच्या कडेवर ठेवावा. फ्लॅश अजिबात वापरू नये.

मात्र माझ्या मते आपले सर्वांत मोलाचे फोटो मंचावर मिळणार नाहीत. काका आपल्या पेटाऱ्यावर बसून, एका हातात आरसा धरून, स्वतःच्याच हाताने भुवई रेखतात तो अर्धा तास हाती धरावा. तिथे उजेड एकाच बल्बचा असतो, पण काका हलत नाहीत, आणि ३५ मिलिमीटरला तेवढा उजेड पुरतो. पहिल्या रात्री कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसते शेजारी बसावे. दुसऱ्या रात्री बाकीच्या नटांना विचारून तो बाहेर काढावा.